गुरुवारचा चहा

त्या अहवालात आमच्या जिल्ह्यावर दोन वाक्ये होती. मी शब्द मोजले. इंग्रजीत एकेचाळीस. एका महासत्तेचे सरकार इतर देशांतल्या मानवी हक्कांचा दर वर्षी आढावा घेते. त्यातल्या भारताच्या प्रकरणात सोलापूर जिल्ह्यातल्या एका हमालाचा उल्लेख होता. त्याला न्यायालयापुढे हजर न करता पाच दिवस पोलीस ठाण्यात ठेवले, मारहाण केली, त्याचा उजवा खांदा कायमचा निकामी झाला. आधार म्हणून लिहिले होते, 'स्थानिक प्रसारमाध्यमांनुसार'.

ते स्थानिक प्रसारमाध्यम म्हणजे माझा एक जुना सहकारी. मी नव्हे.

तो मूळचा मैंदर्गीचा. घरात कन्नड, बाहेर मराठी. आमच्या दैनिकात लागला तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर होता आणि सहा वर्षे त्याची प्रत्येक बातमी माझ्या लाल पेनाखालून गेली. नंतर तो दुसऱ्या दैनिकात गेला. मला तो मालक म्हणतो. सोलापुरात निम्मे शहर उरलेल्या निम्म्याला मालक म्हणते, त्यामुळे त्यात आदर शोधण्याचे कारण नाही.

हमालाची बातमी त्याने केली होती. पुण्यातल्या एका संस्थेने तिचा इंग्रजी गोषवारा काढला, तो दिल्लीतल्या कुठल्याशा दूतावासात पोहोचला आणि तिथून अहवालात. त्याचे नाव त्यात नव्हते. तरी पत्रकार संघाने त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि सोलापुरी चादर. बोलायला उठल्यावर तो म्हणाला, "आमच्या मालकांनी माझी मराठी घासून घासून पांढरी केली. नाहीतर आमचं कसं, निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि साहेब ओरडला की दोन्ही बंद!" सभागृह हसले. मीही हसलो. किती वेळ हसायचे याचा अंदाज शेजारच्यांकडे पाहून घेतला.

आभार मानायचे काम माझ्याकडे होते. मी सभागृहाच्या व्यवस्थापकांचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, चहावाल्याचे नाव घेऊन आभार मानले. सत्कारमूर्तीचे नाव राहिले. विसरलो, असे नंतर सांगितले. विसरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. बावीस वर्षे गुन्हे वार्तांकन केले आणि एकही वही टाकलेली नाही. हवे ते पान सापडायला दहा मिनिटे लागली. त्यावर माझ्याच अक्षरात होते: 'गुरुवार. पावणेबारा. एक जण बसवलेला. केबल चोरी. चौकशी सुरू.' पुढे नाव, गाव, वय. तोच हमाल.

'बसवलेला' हा शब्द आमच्या कामात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बसवलेला म्हणजे आणलेला, पण अटक न दाखवलेला. तो ठाण्याच्या डायरीत नसतो, ठाण्याच्या बाकावर असतो. अटकेपासून चोवीस तासांत न्यायालयात हजर करावे लागते. त्यामुळे अटक दाखवण्याची घाई कोणी करत नाही. ज्या दिवशी पोलिसांची प्रेसनोट निघते, तिच्यात जो वार असतो, तोच अटकेचा वार म्हणून आम्ही छापतो. कोणी तसे सांगितलेले नाही. मला माझ्या वरिष्ठाने शिकवले, मी धाकट्यांना शिकवले. त्यातला एक मैंदर्गीचा होता. तो शिकला नाही.

त्या गुरुवारी मी नेहमीच्या फेरीत त्या ठाण्यात गेलो होतो. ठाण्याच्या निरीक्षक साहेबांच्या टेबलासमोरच्या बाकावर एक रुंद खांद्याचा माणूस मांडीवर हात ठेवून बसला होता. कांद्याच्या पोत्यांचा बारीक पाचोळा अजून त्याच्या बंडीला होता. साहेब म्हणाले, "ए, ऊठ. पत्रकारसाहेबांना चहा दे." तो उठला. किटलीतून पेला भरला आणि उजवा हात टेबलावरून लांब करून माझ्यापुढे धरला. पेला काठोकाठ होता. थेंबभरही सांडला नाही.

पुढच्या सोमवारी प्रेसनोट आली. संशयित रविवारी सायंकाळी नाकाबंदी पाहून पळाला, मोटारसायकलवरून पडला, खांद्याला गंभीर दुखापत. सोमवारी अटक. मी चार परिच्छेद केले. पान पाच, 'केबल चोरटा जेरबंद'. वही माझ्या शबनम पिशवीत होती. ती उघडावी असे वाटले नाही. असेही म्हणता येईल की उघडू नये एवढे मला कळत होते.

त्याच सोमवारी माझा जुना सहकारी न्यायालयाच्या पायरीवर त्या हमालाच्या बायकोशेजारी बसला. ती त्याच्याच तालुक्यातली. त्याने तिला कन्नडमध्ये विचारले, जेवलीस का. तिने सांगितले, बुधवारपासून ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसून आहे, नवऱ्याला बुधवारीच उचललाय. त्याने ते लिहिले.

मी आत चहा घेत होतो, तो बाहेर पायरीवर बसला. एकेचाळीस शब्द त्याला त्या पायरीने दिले, आणि माझ्याकडे त्याच्याहून चार दिवस आधी सगळे होते. हे कळल्यावर मला पश्चात्ताप व्हायला हवा होता. मला हेवा वाटला. हा हेवा जेवताना वाटे, आंघोळ करताना वाटे, त्याची बातमी दिसली की आधी तिची लांबी नजरेने मोजली जाई.

त्या आठवड्यात मी लेख लिहिला. शीर्षक, 'आधी आपला उंबरा झाडा'. विषय असा की बलाढ्य देशांना दुसऱ्यांच्या मानवी हक्कांचा न्याय करण्याचा अधिकार कोणी दिला. लेखात एकही चूक नव्हती, हे मी आजही म्हणतो. त्या देशात खटल्याविना वर्षानुवर्षे डांबलेले कैदी. त्याने विकलेल्या शस्त्रांनी उद्ध्वस्त झालेली गावे. शत्रूवर भरभरून लिहिणारा आणि मित्रावर आखडता हात घेणारा तोच अहवाल. करार जवळ आला की त्याची बदलणारी भाषा. मग मी सोलापुरावर आलो. कायद्याच्या राज्याचे धडे देणाऱ्या एका साम्राज्याने याच शहरात मार्शल लॉ लावला, आणि काही जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारून त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. शेवटचे वाक्य होते, 'स्वतःच्या घरातले जो झाकतो, त्याने दुसऱ्याच्या घरात डोकावू नये.'

मुद्दे त्या देशाने पुरवले होते. मला टेबलाशी बसवले ते त्या चादरीने.

लेख गाजला. महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांनी फोन केला, एका आमदारांच्या माणसाने कात्रण फिरवले. त्या ठाण्याच्या साहेबांची अहवालानंतर बदली झाली होती. त्यांचाही फोन आला. "साहेब, काय धुतलंय त्यांना! मोठे लागून गेलेत शहाणे. फ्रेम करून लावतो बघा." त्या फोननंतरही दिवसभर मी खुशीत होतो. हे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

साधारण पंधरा दिवसांनी दुपारी दोघे जण कार्यालयाचा जिना चढून आले. बाई पुढे, हातात प्लास्टिकची पिशवी. मागे नवरा. त्याने उजवा हात डाव्या हाताने कोपराशी उचलून धरला होता, दुसऱ्याचे लेकरू सांभाळावे तसा.

"वळखलं का, दादा?" बाईने विचारले.

मी नाही म्हणालो. ते खरे होते. तिला मी कधी पाहिलेच नव्हते.

"आमी वळखतो की. ह्यांच्या हातचा च्या प्यालाय तुमी."

नवरा दाराशीच उभा होता. तो म्हणाला, "साकर लई झाली म्हणला हुता."

तसे मी म्हणालो होतो. वहीत ते नव्हते.

तिने पिशवीतून कागद काढले. तिच्या तक्रारीवर राज्याच्या मानवी हक्क आयोगाने चौकशी अधिकारी नेमला होता. पोलिसांनी दिलेल्या उत्तराची प्रत तिच्या वकिलाला मिळाली होती. उत्तराला दोन कात्रणे जोडली होती. दोन्ही माझी. पहिले, 'केबल चोरटा जेरबंद': अटक सोमवारी झाल्याचे स्वतंत्र स्थानिक पत्रकाराने तेव्हाच लिहिले आहे. दुसरे, 'आधी आपला उंबरा झाडा': परदेशी अहवाल किती विश्वासार्ह आहे, हे त्याच पत्रकाराने दाखवून दिले आहे. म्हणून दुखापत अटकेआधीची, म्हणून तक्रार निकाली काढावी.

बाई कात्रणावर बोट ठेवून म्हणाली, "वकिलानं समदं वाचून दावलं. त्यो देश लबाड हाय म्हणता. आसंल. माजा काय सोयरा लागतोय त्यो?"

तिचे बोट दोन ओळी खाली सरकले.

"सेटलमेंटचं बी लिवलंय. बरं लिवलंय. ह्यांचा आजा त्या तारंत जलमला. तार गेली की कवाच. पर कुटं काय चोरीला गेलं की जीप आजून आमच्याच दारात." तिने नवऱ्याकडे पाहिले. "आता त्यांनी बोलू न्हाय म्हणता. बरं. मग तुमी बोला की."

"काय बोलू?"

"बेस्तरवारी ह्यांचा हात चांगला हुता, येवढंच. तुमच्या म्होरं पेला धरला हुता, येवढंच सांगा चवकशीच्या सायबाला. आमी सांगितलं तर म्हणत्यात, बायकू नवऱ्याचंच सांगणार."

सुनावणी आठ दिवसांवर होती. त्या दिवशी तिचा बेस्तरवार, म्हणजे माझ्या वहीतला गुरुवार, सिद्ध झाला नाही, तर प्रकरण तिथेच मिटणार होते. खांदा गेलेला, बाजार समितीत पोते उचलायला कोणी बोलवत नव्हते, आणि चोरीचा खटला तसाच अंगावर.

"बघतो," मी म्हणालो. बघतो हा आमच्या व्यवसायात नाही म्हणायचा सभ्य प्रकार आहे. तिला तो ठाऊक असावा. ती म्हणाली, "बगितलंय की तुमी. आता सांगा." आणि जिना उतरून गेली.

न जाण्याची कारणे मी स्वतःशी मांडून पाहिली. पोलिसांशी संबंध बिघडतील. माझी बातमी खोटी ठरेल. दैनिकाची बदनामी होईल. ही सगळी सांगण्यासारखी कारणे होती. खरे कारण सांगण्यासारखे नव्हते. माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या बातमीला एकच साक्ष होती, तीही हमालाच्या बायकोची. त्या बातमीत अजून एक फट होती आणि ती फट मला आवडत होती. माझ्या वहीचे पान ती बुजवणार होते. त्याची बातमी माझ्या हातून पूर्ण होणार होती.

दोन दिवसांनी तो सात रस्ता चौकात चहाच्या गाड्याशी भेटला. मला पाहून त्याने आधीच दोन बोटे वर केली, दोन चहा.

"मालक, लेख वाचला. फस्क्लास. एक शब्द काढता येत न्हाई."

"मग?"

"मग काय? त्यांचं तोंड काळं हाय हे मलाबी ठाऊक हाय. पण माझी बातमी आली तवा त्या सायबानं मला जिलबी पाठवून दिली हुती. गंमत म्हणून. तेच इंग्रजीत आलं तसा ताप भरला त्याला."

"म्हणजे दांडग्याने दटावले की ऐकायचे?"

"तसं कुठं म्हणतोय बे!" तो हसला, मग जीभ चावली. मला तो बे म्हणत नाही. "पण मालक, तुमी-आमी दटावलं असतं तर दांडग्याची गरज पडली असती का?"

चहा आला. त्याने बशीत ओतला, मी पेल्यातच ठेवला.

"ती वैनी म्हणत हुती, बेस्तरवारी तुमी तितं हुता. खरं का?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळले नाही. बसला असेल तर जास्त वाईट, असे मला गाडी चालू करताना वाटले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी माझा लेख पुन्हा वाचला. लेखक म्हणून नाही, तपासनीस म्हणून, लाल पेन घेऊन. चूक सापडावी असे वाटत होते. सापडली असती तर लेख मागे घेता आला असता आणि सगळे त्या एका चुकीवर ढकलता आले असते. सापडली नाही. शेवटच्या वाक्याखाली मात्र पेन थांबले. 'स्वतःच्या घरातले जो झाकतो.' वाक्य बरोबर होते. घर तेवढे माझे होते आणि वही परत माळ्यावर गेली होती. मी शिडी लावली.

सुनावणी शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत होती. पंख्याखाली चौकशी अधिकारी, एका बाजूला बदली झालेले साहेब आणि पोलिसांचे वकील, दुसऱ्या बाजूला ती दोघे आणि त्यांचा वकील. माझा जुना सहकारी बाहेर व्हरांड्यात होता. मला आत जाताना पाहून साहेब प्रसन्न हसले. त्यांना वाटले, मी त्यांच्यासाठी आलो.

मी वही टेबलावर उघडून ठेवली आणि पान वाचून दाखवले. चहाचे सांगितले. पेला कोणत्या हातात होता, हात किती लांब केला होता, ते टेबलावरून करून दाखवले.

अधिकाऱ्यांनी माझे कात्रण उचलले. "मग ही बातमी खोटी?"

"अटकेचा वार चुकीचा आहे."

"चूक झाली तुमच्याकडून?"

"नाही. मला माहीत होते. प्रेसनोटमधला वारच छापायचा अशी आमच्याकडे पद्धत आहे."

"कोणाची पद्धत?"

"माझी," मी म्हणालो.

पोलिसांचे वकील उठले. त्यांनी दुसरे कात्रण पुढे केले. "हा लेख तुमचाच ना? परदेशी अहवाल विश्वासार्ह नाही, असे तुम्हीच म्हणता."

"त्या देशाला दुसऱ्याचा न्याय करायचा अधिकार नाही, असे म्हटले आहे. ते मत कायम आहे."

"मग अहवालातली ही माहिती?"

"ती त्या देशाची नाही. ती इथल्या एका बातमीदाराची आहे, आणि बरोबर आहे."

हे वाक्य म्हणताना माझा आवाज बसला. वकिलांना वाटले मी घाबरलो. त्याचे नाव घ्यायचे मी टाळले, कोणी विचारले नाही.

साहेब आता हसत नव्हते. बाहेर पडताना ते माझ्या बाजूने गेले आणि हळूच म्हणाले, "इतक्या वर्षांचा चहा विसरलात, साहेब." त्या चहांपैकी किती पेले कोणाच्या हातून आले होते, याचा विचार मी पहिल्यांदा केला, आणि मला एकाचाही चेहरा आठवला नाही.

जबाबाची प्रत तासाभराने मिळाली. बाईने ती माझ्यापुढे धरली. "बेस्तरवार कुटं हाय ह्यात?"

मी दाखवला. दुसऱ्या पानावर, वरून सहावी ओळ. तिने त्यावर अंगठा ठेवला आणि नवऱ्याला बोलावून त्यालाही ठेवायला लावला, डावा. मग कागद पिशवीत गेला. त्याच पिशवीत त्या अहवालाच्या पानाची झेरॉक्स होती, माझी दोन कात्रणे होती. तिने सगळे एकत्रच ठेवले.

अधिकाऱ्यांनी वहीच्या पानाची प्रमाणित प्रत नोंदीस घेतली होती. प्रकरण आता मिटवता येणार नव्हते. पुढे काय होईल ते त्या दिवशी कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

जुना सहकारी खांबाला टेकून होता. त्याला सगळे कळले होते. मला वाटले, आठवत नाही म्हणालो त्यावरून काही बोलेल. त्याने स्वतःची वही उघडली.

"मालक, बातमीला दोन ओळी द्या की."

मी दिल्या. त्याने लिहून घेऊन वाचून दाखवल्या. सुधारायला काही नव्हते. मी दोनदा ऐकल्या.

कार्यालयात संपादक म्हणाले, "आपली बातमी तूच कर. दुसरा कोण करणार?" मी तीन परिच्छेद केले. पहिले वाक्य, 'या दैनिकात प्रसिद्ध झालेल्या बातमीत संशयिताच्या अटकेचा वार चुकीचा होता.' हे वाक्य लिहायला मला उरलेल्या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही अंक शेजारी ठेवून पाहिले. त्याची बातमी पहिल्या पानावर, चार कॉलम, नावासह. तिच्यात माझा उल्लेख चौथ्या परिच्छेदात होता, 'एका स्थानिक पत्रकाराने' असा. माझी पाचव्या पानावर होती. जुनी आली होती त्याच कोपऱ्यात, तेवढीच. मी दोन्हींची लांबी मोजली.